खाली राहिलेली तबकडी

मी बोलतेय, कपाटातली तबकडी. हातावर मावेन एवढी आहे. आत साधा धातू आणि वरून सोन्याचा मुलामा. सोनं म्हटल्यावर लगेच डोळे विस्फारू नका, खरवडून काढलंत तरी त्याची अंगठीसुद्धा व्हायची नाही.

माझं काम म्हणजे मार खायचा, तोही धुळीचा. ग्रहांच्या मधल्या पोकळीत बारीक धूळ भन्नाट वेगाने फिरत असते. तिचा एखादा कण माझ्यासारखीवर आपटला की तो जागच्या जागी वितळतो, उकळतो आणि त्याचा विजेने भारलेला इवलासा ढग होतो. पापणी लवायच्या आत तो विरूनही जातो. पण तेवढ्यात माझ्यासमोरची जाळी त्याला ओढून घेते. हलके घटक पुढे पळतात, जड मागे रेंगाळतात आणि पडद्यावर एकापुढे एक टोकं उमटतात. त्या टोकांवरून माणसं सांगतात की या कणात लोखंड होतं, त्यात कोळसा होता.

खोलीत बसून आकाशातली धूळ कुठून आणणार? म्हणून प्रयोगशाळेत लोखंडाची धूळ घेतात. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसाच विजेचा भार त्या कणांवर चढवतात आणि विजेच्याच जोरावर एका लांबलचक नळीतून त्यांना पळवतात. नळीच्या या टोकाला मी. आतली हवा आधी पंपाने काढून टाकलेली असते. मला त्या पंपाच्या घरघरीची इतकी सवय झाली आहे की तो बंद पडला की मलाच दचकायला होतं.

माणसांची गंमत वाटते. घरी हीच मंडळी धूळ दिसली की नाकं मुरडून फडकं मारतात आणि इथे तीच धूळ बाटलीत भरून कुलपात ठेवतात.

माझा जन्म एका लेथवर झाला. एकाच धातूच्या कांबीतून दोन चकत्या कापल्या, पहिली माझी बहीण आणि दुसरी मी. कापणाऱ्याला सगळे दादा म्हणत, अगदी प्रयोगशाळेचे प्रमुखही. दादा मोठा कडक माणूस. डोक्याला टोपी, पायांत कापडी मोजे, हातांत पातळ हातमोजे, त्याशिवाय आमच्या खोलीत पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. एकदा एका पाहुण्याने नुसतं बोट दाखवायला हात पुढे केला, तर दादा खेकसले, "साहेब, बोट खिशात! ही काय बाजारातली वांगी आहेत, दाबून बघायला?"

त्यांचं बरोबरच होतं. उघडं बोट लागलं की घामातलं मीठ चिकटतं. घाम सुकला तरी मीठ तिथेच राहतं आणि धुळीचा कण त्यावर आपटला की पडद्यावर धुळीऐवजी मिठाचंच टोक वर येतं.

आम्हा दोघींना घासलं, धुतलं, मुलामा चढवला, भट्टीत तापवलं. आमच्यातली एक यानात बसून आकाशात जाणार होती. दुसरी खाली राहणार होती, वर काही विचित्र घडलं तर पडताळून बघायला. दादांनी दोघींना भिंगाच्या दिव्याखाली धरलं आणि प्रमुखांना विचारलं, "कुठली पाठवू?"

"कुठलीही पाठवा हो, दोन्ही सारख्याच."

तो 'कुठलीही' शब्द मला अजून टोचतो. दादांनी डावीकडची उचलली. मी उजवीकडे होते.

बहिणीला यंत्रात बसवून झालं, शेवटची सफाई झाली. वरचं झाकण तेवढं लावायचं राहिलं होतं. खोलीत दादा एकटेच होते. त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला आणि अंगठा बहिणीच्या मधोमध टेकवला. "जा आता. नीट राहा," म्हणाले. मग मोजा चढवून त्यांनी झाकण लावलं. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर दादांनी त्याला बखोट धरून बाहेर काढलं असतं. मला मात्र त्यांनी चिमट्याने उचलून डबीत ठेवलं, डबी कपाटात ठेवली आणि दिवा घालवून ते निघून गेले.

मला बहिणीचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? आकाशात ती गेली याचा नाही. अंगठा तिला मिळाला याचा.

यान उडालं ते मला शेजारच्या खोलीतल्या टाळ्यांवरून कळलं. नंतर कपाटातली वर्षं सुरू झाली. कपाट फार वाईट असं नाही. अंधार, कोरडेपणा, शेजारी स्पिरिटची बाटली आणि मऊ फडक्यांची चवड. पण फडकी बाहेर जात, परत येत, बाटली भरत असे, संपत असे. माझ्या डबीकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. माझी पोकळी ती हीच, वेगळी आकाशात जायची गरज नव्हती.

दादा निवृत्त झाले. त्यांची मुलगी इथेच संशोधक होती, सगळे तिला बाई म्हणत. यानाकडून येणारी माहिती वाचायचं काम तिच्याकडे होतं. एका सकाळी तिने कपाटाच्या वरच्या खणातून दादांचा भिंगाचा दिवा काढला. काढता काढता कुणाला तरी म्हणाली, "बाबा गेले परवा. हा माझ्या टेबलावर ठेवते." मी डबीत होते, मला काय करता येणार होतं?

यान धुळीच्या पट्ट्यात पोचायला पुष्कळ वर्षं लागली. पोचलं तेव्हा बाईंच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. बहिणीवर कण आपटू लागले आणि पंधरा-वीस कणांमागे एखाद्या कणात ठळक मीठ दिसू लागलं. मग काय, प्रयोगशाळेत नुसता गलका! बाईंनी मांडणी केली की त्या पट्ट्यात दोन प्रकारची धूळ आहे, एक साधी आणि एक खारट. खारट धूळ म्हणजे कुठेतरी खारं पाणी होतं. सबंध आयुष्यात एकदा मिळावा असा शोध.

त्यांचा एक सहकारी होता. तो प्रत्येक गोष्टीत खोट काढायचा म्हणून त्याला शंकासुर म्हणत. तो म्हणाला, "बाई, मिठाचा खडा टाकत नाही, पण आधी खालच्या तबकडीवर मारून बघू या."

डबी उघडली. इतक्या वर्षांनी उजेड! मला नळीत बसवलं, नेम माझ्या अंगभर फिरवत लोखंडाची धूळ मारली. प्रत्येक आघाताला लोखंडाचं टोक आलं. मिठाचं नाव नाही.

"झालं समाधान?" बाईंनी विचारलं.

"झालं. म्हणजे मीठ धुळीतलंच," शंकासुर म्हणाला.

मी मनात ओरडत होते, अहो, मी स्वच्छ आहे कारण मला कुणी हातच लावला नाही! तिला लावलाय! खारं पाणी कसलं शोधताय, काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण तबकडीला तोंड कुठे असतं? मी आपली मिठाची गुळणी धरून बसले. माझी साक्ष खरी होती आणि तिच्या भरवशावर ही माणसं चुकीच्या वाटेला लागली होती, याहून मोठा एकटेपणा मला ठाऊक नाही.

शोध जाहीर करायची सभा ठरली. त्याआधी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने मला मागितलं, त्यांनाही पडताळून बघायचं होतं. बाईंनी स्वतः मला बांधायला घेतलं. दुपारची वेळ. डबीत कापूस घातला, मला आत ठेवलं. शंकासुर पलीकडे चिकटपट्टी शोधत होता. बाईंनी उजव्या हाताचा मोजा काढला. अंगठा माझ्याकडे आला. "जा आता..." त्या पुटपुटल्या.

आणि हात हवेतच थांबला, माझ्यापासून केसभर अंतरावर. त्यांच्या बोटाची ऊब मला जाणवत होती. बाई खुर्चीवर मटकन बसल्या.

"काय झालं बाई? पाणी आणू?"

"आमचे बाबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घरातून काहीही निघालं की त्यावर अंगठा टेकवायचे. माझं दप्तर, सायकल, शेजाऱ्याला दिलेलं शिवणयंत्र. परीक्षेला जाताना माझ्या कपाळावर. जा आता, नीट राहा. मला कधी लागली ही सवय, कळलंच नाही. आत्ता मोजा काढला तेही कळलं नाही."

शंकासुराच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. "दादा? छे! दादा असं करणं शक्यच नाही."

"मीपण करणं शक्य नव्हतं."

मग शंकासुरच खाली बघत म्हणाला, "बाई, जन्मभर शंका मी काढल्या, आज तुम्ही नका काढू. आमंत्रणं गेलीत. वर जाऊन कोण बघणार आहे? आणि दादांचं नाव... गेलेल्या माणसाचं कशाला?"

बाई उठल्या, मला डबीतून बाहेर काढलं, भिंगाच्या दिव्याखाली ठेवलं, दादांच्याच त्या दिव्याखाली. आणि अंगठा माझ्या मधोमध टेकवला. मुद्दाम. जोर देऊन.

मला आयुष्यभर हवा होता तो स्पर्श असा मिळाला. ऊबदार होता, किंचित दमट होता. हा निरोप नव्हता, पुरावा होता, हे मला समजत होतं. तरी मी सुखावले. त्यांचं सगळं जात होतं आणि मी सुखावले होते, याची लाज वाटते.

मला पुन्हा नळीत बसवलं. तीच लोखंडाची धूळ, तसाच अंगभर फिरणारा नेम. लोखंड, लोखंड, लोखंड. आणि मग मीठ. पुन्हा बरंच लोखंड, पुन्हा मीठ. शंकासुराने बहिणीकडून आलेल्या टोकांची रेघ पडद्यावर शेजारी लावली. दोन्ही रेघा जुळ्या होत्या, आमच्यासारख्याच.

"बाबाच आहेत," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. मग हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. शंकासुराने त्यांच्यासाठी फडक्यांच्या चवडीतलं एक स्वच्छ फडकं काढून दिलं. एरवी त्या फडक्याला कुणी हात लावला तर तो भांडला असता.

सभा झाली, पण खारट धूळ नसल्याचं सांगायला. प्रमुख म्हणाले, "हाताळणीतली चूक एवढंच म्हणा, नाव कशाला?" बाई म्हणाल्या, "नाव सांगणार. चूक त्यांची, तसं यंत्रही त्यांचं. इतकी वर्षं वर चाललंय ते कुणामुळे?" काहींनी वाहवा केली, काहींनी पाठीमागे तोंडं वाकडी केली. बाईंना पुढे मोठं पद मिळालं नाही. खारं पाणी सापडलं असतं तर मिळालं असतं.

एक मात्र झालं. त्यानंतर रोज सकाळी आल्या आल्या त्या शंकासुराला विचारायच्या, "आलं का मीठ?" आलं असलं की चेहरा खुलायचा. नाही आलं की म्हणायच्या, "येईल. आज धूळ दुसरीकडे पडली असेल." वडिलांची खुशाली विचारावी तसं ते विचारणं होतं.

मग यानातली वीज संपत आली. शेवटच्या दिवशी सगळे पडद्यासमोर उभे होते. लोखंड आलं, कोळसा आला आणि रेघ सपाट झाली. मीठ आलं नाही. बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. बहीण अजून तिथेच आहे, फिरते आहे, धूळ खाते आहे. दादांचा अंगठाही तिच्या अंगावर असणार. फक्त आता कुणाला काही कळायचं नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी कपाट उघडलं. त्यांनी डबी काढली, झाकण उघडलं आणि मला भरपूर बघून घेतलं. हातांत मोजे होते. मला वाटलं, आता काढतील. नाही काढले. कडेवरून एक मोजा घातलेलं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "नीट राहा."

'जा आता' म्हणाल्या नाहीत. जाणार त्याच होत्या.

आता प्रयोगशाळेत नवी मंडळी आहेत. हुशार आहेत, नियमाने मोजे घालतात. परवा त्यांच्यातल्या एकीने डबी उघडली, भिंगातून बघितलं आणि म्हणाली, "ई, हिच्यावर अंगठा उठलाय. पुसून घेऊ आणि वापरू." स्पिरिटची बाटली काढली, ती रिकामी निघाली. नवी मागवली आहे म्हणे.

ताई, जी कोण असशील ती, तुझं चुकत नाही. पुसलीस तर मी पुन्हा कामाला येईन, पुन्हा नळीत बसेन, उजेड बघेन, पंपाची घरघर ऐकेन. मला कपाटाचा कंटाळा आला नाही असंही नाही. तरी माझं ऐक. मार खायला दुसरी चकती काप, लेथ आहे, कांब आहे. वरच्या अंगठ्याची खबर आता कुणाला येणार नाही, आणि खाली दादा-बाईंच्या घरातला अंगठा एवढाच उरला आहे. बाटली येईल तेव्हा येऊ दे. मला पुसू नकोस.