दुर्गाबाईचा सांबर

"खाते आमच्या हातानं, अन् मारते आमालेच! पाय पाह्य माहा, कसा सुजला." जाळीबाहेर बसून मोतीरामदादा पायाला तेल चोळत कुरकुरतात.

मित्रांनो, ही तक्रार माझ्याबद्दल आहे. मी एक जुना सांबर आहे. अमरावतीजवळ सापडलेली-सुटलेली जनावरं ठेवतात, तिथे राहतो. मोतीरामदादा मला चारा घालतात.

माझा जन्म अंजनगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी झाला. आईने मला शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, उंच गवतात निजवलं आणि ती चरायला गेली. आमच्यात तशीच रीत आहे. तेवढ्यात निंदायला आलेल्या दुर्गाबाईंना मी दिसलो. "माय मेली वाट्टे बिचाऱ्याची," म्हणून त्यांनी मला पदरात घेतलं. शेळीचं दूध पाजलं, बाल्या नाव ठेवलं. दुसऱ्या वर्षी पोळ्याला तर बैलांसोबत माझीही शिंगं रंगवली! त्या दिवसांत आमच्या शिंगांवर कोवळं, ऊबदार कातडं असतं. रंग फार झोंबला. पण हात दुर्गाबाईंचे होते, मी उभा राहिलो. सगळे म्हणाले, किती गरीब जनावर!

मग थंडी आली. दिवस लहान झाले की आमच्या रक्तात काहीतरी चढतं. डॉक्टर त्याला हार्मोन म्हणतात. कातडं सोलून शिंगं टणक होतात, मान फुगते, चारा गोड लागत नाही, आणि समोर येईल त्याच्याशी झुंजावंसं वाटतं. रानातला सांबर दुसऱ्या सांबराशी झुंजतो. मी दुसरा सांबर पाहिलाच नव्हता. मला माणसंच ठाऊक. मी दुर्गाबाईंच्या नवऱ्याला, नत्थुजींना, गोठ्यात आडवं केलं. त्यांची बरगडी मोडली. मला इथे आणलं.

उन्हाळ्याच्या तोंडी शिंगं गळतात आणि मी पुन्हा गरीब होतो. तेव्हा दुर्गाबाई भेटायला येतात. "याले जंगलात कधी सोडता?" एवढंच विचारतात. दरवेळी कोणीतरी म्हणतं, "पाहू पुढच्या साली." मग कोणाला चहा आठवतो, कोणाला चाव्या.

यंदा त्यांना धीर निघाला नाही. ऐन थंडीत नत्थुजींना घेऊन आल्या. मोतीरामदादा नको नको म्हणत असताना त्यांनी भाकर घेऊन जाळीतून हात घातला. मी धडकलो. बांगड्या फुटल्या, मनगट मोडलं.

"काहून रे बाल्या? वळखलं नाही का मले?"

ओळखलं होतं, मित्रांनो. पण ओळखीने शिंगं थांबत नाहीत. म्हणून विनवतो, गवतात एकटं पाडस दिसलं तर त्याला उचलू नका. त्याची आई येणार असते.

इथल्या जनावरांच्या डॉक्टर संध्याताई दुर्गाबाईंच्या हाताला पट्टी बांधत होत्या. दुर्गाबाई त्यांनाच म्हणाल्या, "आपल्या रानात गेला का होईन थंडा. यंदा सोडसान नं, बाई?"

संध्याताईंनी पट्टीची गाठ उगाच दुसऱ्यांदा बांधली. मोतीरामदादा बादली उचलून निघाले.

तेव्हा नत्थुजी बायकोजवळ उकिडवे बसले.

"अवं, त्याले कोनी सोडनार नाही. थो मानसाजोळच जाईन अन् मानसालेच मारीन. आपन त्याले घरी आनलं नं, तवाच त्याचं जंगल सरलं."