मोटरहोमचे मंद दिवे

वायरमनच्या स्वतःच्या गाडीचे दिवे मिणमिणते, यावरून गल्लीत पुष्कळ थट्टा व्हायची. झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली ती जुनी मोटरहोम त्याने हौसेने घेतली, पण तिचे पुढचे दोन्ही दिवे पहिल्यापासून मंद. लोकांच्या गाड्यांचे दिवे लखलखीत करणारा हा गृहस्थ आपल्या गाडीचा विषय निघाला की म्हणायचा, "जुनं वायरिंग आहे, सगळं उकलावं लागेल. अंधार पडायच्या आत परतायचं, झालं!" बायकोही लोकांना तेच सांगायची. त्याच्या कामावर तिचा डोळे झाकून विश्वास होता.

त्या विश्वासापायी तिने काय गमावलं, ते घरात कुणी बोलून दाखवत नसे. मागच्या हिवाळ्यात तिची थोरली बहीण अत्यवस्थ झाली. संध्याकाळी फोन आला आणि ही चपला घालून दारात उभी राहिली.

"या दिव्यांवर डोंगरातला रस्ता? दोघांचाही निकाल लागेल," तो म्हणाला होता. "उजाडलं की लगेच निघू."

तिने चपला काढल्या. दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा बहिणीचं नुसतं तोंड बघायला मिळालं.

आता त्याच बहिणीचा मुलगा आला होता. नवंनवं लग्न झालेलं, बायकोला घेऊन आठवडाभर भटकायचं होतं, म्हणून गाडी हवी होती. वायरमनला मूलबाळ नव्हतं, भाच्यावर त्याचा भारी जीव. गाडी द्यायला तो एका पायावर तयार झाला.

"पण काका, दिव्यांचं काय?"

"चहा होईपर्यंत करून देतो."

तिने गॅसवर आधण ठेवलं आणि खिडकीतून बघत राहिली. वायरिंग उकलणं वगैरे काही नाही. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरी सोडवली आणि तिच्यामागे सरळ हात घातला, आपल्याच खिशात घालावा तसा. सांगाड्याला बोल्टने आवळलेली एक वायर निघाली. तिचं टोक हिरवं पडलेलं, खालचा पत्रा गंजलेला. त्याने पत्रा पॉलिशपेपरने घासला, वायरीला नवं टोक बसवलं, बोल्ट आवळला, बॅटरी जोडली.

"लाव रे!"

बाहेर अंधारायला लागलं होतं. समोरची भिंत एकदम उजळली, विटांमधलं सिमेंटसुद्धा दिसायला लागलं.

"काका, जादूच की!"

"जादू कसली? अर्थिंग. दोन्ही दिवे मंद म्हटलं की आधी तीच वायर बघायची. गाडी घेतली त्याच दिवशी मी ओळखलं होतं."

शेखी मिरवायची त्याची खोड जुनीच. एरवी जीभ आवरली असती, पण भाच्यासमोर छाती फुगली होती. ती चहा घेऊन मागेच उभी आहे, हे त्याला उशिरा कळलं.

"त्याच दिवशी?" तिने विचारलं. "म्हणजे ताई गेली तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

तो पाना पुसत राहिला.

"बोला ना."

"तिच्या नणंदेच्या भर लग्नात तिने मला मागच्या दाराने आत घेतलं होतं. कपड्यांना ग्रीस आहे म्हणे! तिच्या दारात रात्री धावत जायचं? म्हटलं, बघू दे जरा वाट. ती रात्रीतच जाईल, हे मला काय ठाऊक?"

तिला त्याची किळस आली. इतक्या वर्षांत रागावली खूपदा होती, किळस कधी आली नव्हती.

"मला यायचं नाही, एवढं म्हणायचं होतंत," ती म्हणाली. "शेवटची बस सुटायची होती अजून. मी एकटी गेले असते. पण तुम्ही म्हणालात दिवे, आणि मी चपला काढल्या."

भाचा गाडीतून उतरला.

"आई रात्रभर दाराकडे बघत होती, मावशी. आम्हीच तिची समजूत घालत होतो, काकांच्या गाडीचे दिवे चालत नाहीत म्हणून."

चहाला कुणी हात लावला नाही. वायरमनने बॉनेट खाली केलं.

"आता झालेत ना नीट," तो चाचरत म्हणाला. "म्हणशील तेव्हा जाऊ आपण. रात्रीसुद्धा."

"कुणाकडे?" तिने विचारलं.