रिंगा बसस्तोवर

मित्रांनो, बॉनेट उघडल्याबिगर मला कुणी बगत न्हाई. लोकं जीपचा रंग बगत्यात, काचंवर लिवलेलं नाव बगत्यात. मी आत, अंधारात. उंब्रजच्या हंबीरराव फौजींच्या जीपचं डिझेल इंजिन म्हंजे मी. वय इचारू नका, राग येतो. आन् सध्या तर माजा जीव सारखा वर-खाली व्हतोय. का, ते सांगतो.

मला एका मोठ्या कारखान्यात वतलं. लाल लोखंड साच्यात पडलं, थंड झालं, आन् मी झालो. मग माज्या अंगाला चार भोकं पाडली. ते माजे सिलेंडर. एकेकात एक पिस्टन, आन् पिस्टनला रिंगा. रिंग म्हंजे बांगडीच समजा, फक्त एका जागी तुटलेली. ती सिलेंडरच्या भिंतीला चिकटून वर-खाली पळती. ती नीट चिकटली तर वरचा जाळ खाली जात न्हाई आन् खालचं तेल वर येत न्हाई. माजं सगळं आयुष्य ह्या बांगडीवर हाय. एवढं ध्यानात ठेवा, पुढची सगळी भानगड तिचीच हाय.

हंबीरराव फौजेत गाड्या चालवायचे. रिटायर झाले, जीप घेतली आन् उंब्रज ते चाफळ वडाप चालू केलं. माणसं भरली की सुटायचं, एसटीची वाट कोण बगतंय! आत मावतील तेवढी आत, बाकीची मागं लोंबकळत. टपावर कांद्याची पोती, कोंबड्यांची डालगी. मी चढाला धापा टाकायचो, पर कवा थांबलो न्हाई. "फौजी, तुमचं इंजिन म्हंजे रेडा हाय, रेडा!" असं लोकं म्हणायची. रेडा म्हणलं तरी मला लय बरं वाटायचं.

मग फौजींचा गुडघा गेला. त्यांचं पोरगं, शिवतेज, फौजेत भरती झालं. जीप उसाच्या बांधाला लावली ती तिथंच ऱ्हायली. कोंबडी शिटावर अंडी घालाय लागली. उंदरांनी वायरी खाल्ल्या. माज्या पोटातलं तेल डांबरासारखं झालं. येणारा-जाणारा म्हणायचा, "भंगारवाल्याला द्या की आता!" मला कान न्हाईत म्हणून काय झालं? समदं ऐकू यायचं.

मला उठवलं ते शिवतेजच्या बायकोनं, अंकितानं. तिकडं मळ्यावरची बारकी पोरं हायवे ओलांडून शाळंला जायची. पुलाखालनं जायाचा रस्ता लांब पडतोय, म्हणून सरळ मधल्या कठड्यावरनं उड्या. एक दिवस एका पोराचं दप्तर ट्रकखाली गेलं. पोरगं वाचलं, पर अंकितानं त्ये डोळ्यानं बगितलं. घरी आली आन् सासऱ्याला म्हणली, "मामा, जीप मला द्या. सुट्टी संपून शाळा सुरू झाली की पोरं मी नेणार."

"इंजिन गेलंय की तिचं."

"मग बांधू या इंजिन."

झालं! आकाराम मिस्त्रीनं मला भायेर काढलं. त्याचं गॅरेज हायवेच्या कडंलाच हाय. त्यानं मला खोलून, धुवून इस्लामपूरला नाथाजीच्या लेथवर नेलं. नाथाजीनं माज्या सिलेंडरात बोट फिरवलं, बॅटरी मारली आन् नाक मुरडलं.

"आकाराम, ह्याला आदी बी कापलंय कुणीतरी. ह्यो शेवटचा हात. परत कापाय जागा न्हाई. आता बिघडलं तर सरळ भंगारात, वजनावर घालायचं."

वजनावर! मित्रांनो, त्यो शब्द तवापास्नं माज्या अंगातनं निघंना.

नाथाजीनं माजे सिलेंडर आतनं कापून जरा रुंद केले, आन् आतल्या भिंतींवर बारीक तिरक्या रेघा मारल्या. रेघा कशापायी? नवी रिंग ह्या रेघांवर घासती. घासून घासून भिंतीच्या मापाची व्हती. ह्याला म्हणत्यात रिंगा बसणं. पर हे सुरवातीच्या थोड्या चालण्यातच व्हतं. तवा बसली तर बसली. म्हणून पयलं तेल साधं पायजे, रिंगंला जरा घासू देणारं. तेल लय निसरडं आसलं की रिंग नुसती घसरती. मग तेल वर चढतं, जळतं, आन् भिंतीवर काचंगत थर धरतो. मग कितीबी पळवा, रिंग बसत न्हाई.

मला जीपमधी परत बसवलं त्या दिवशी फौजी साताऱ्यास्नं आले. खांद्यावर पिशवी, पिशवीत टावेलात गुंडाळल्याले कॅन.

"आकाराम, हे घाल. फुल सिंथेटिक. कॅन्टीनचं हाय."

आमच्याकडं मिलिटरी कॅन्टीनची वस्तू म्हंजे शेवटचा शब्द. साबण आसू दे, कुकर आसू दे, कांबळ आसू दे. फौजीच्या घरातनं कुणी 'हे कॅन्टीनचं' म्हणलं की फुडं कोण बोलत न्हाई.

आकाराम बोलला. "आवं फौजी, तेल झ्याक हाय. पर आत्ताच नगो. आदी साधं घालू. रिंगा बसू द्यात, मग बिनघोर हे घाला."

"साधं? ह्यात माजी सून बसणार, लोकांची पोरं बसणार, आन् तू साधं घालतोस? शिवतेजनं फोनवर सांगितलंय, भारीतलं भारी घाला. पोरगं तिकडं बर्फात हुबं हाय रं."

"व्हय, पर..."

"पर-बिर न्हाई. कॅन्टीनचं तेल वाईट आसतंय व्हय?"

शेजारचा चहावाला, नाव त्याचं गुंडा, मधीच बोलला, "कॅन्टीनची काडीपेटी भिजली तरी पेटती वं!" समदी हसली. आकारामनं मान खाली घातली आन् कॅनचं टोपाण फिरवलं.

माज्यात त्यो निसरडेपणा उतराय लागला तसा मी नुसता ताणलो. वरडावं तर तोंड न्हाई. त्या गुंडाला तर सायलेन्सरनं भाजावंसं वाटलं.

मग हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. अंकितानं चावी फिरवली. मी चालू झालो. तिनं गिअर टाकाय हात घातला तर फौजी म्हणले, "हलवू नगो! जागेवरच फिरू दे. जेवणं होस्तोवर फिरू दे, म्हंजे बसतंय चांगलं."

आमच्याकडं असंच करत्यात. नवं बांधलेलं इंजिन नव्या जावयागत एका जागी बसवून ठेवायचं. आवं, जागेवर फिरून रिंगंला दाब कसा मिळणार? समदी पेढं खात व्हती, आन् मी आत घसरत व्हतो. रेघा हळूहळू भरत चालल्या व्हत्या.

मागनं निळा धूर निघाय लागला.

"नवं हाय, जरा निघतोयच," फौजी म्हणले.

"ऊदबत्ती लावल्यागत वाटतंय," गुंडा म्हणला.

अंकिता मागं जाऊन धुराकडं बगत हुबी ऱ्हायली. मग आली, चावी बंद केली. जरा थांबून तिनं तेल मापायची पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. "मामा, तेल खाली गेलंय. गाडी जाग्यावरनं हलली न्हाई, मग तेल गेलं कुटं?"

ती मिस्त्रीकडं वळली.

"आकारामदादा, मला खरं सांगा. ह्यात पोरं बसणारेत."

आकारामनं फौजींकडं बगितलं, मग तिच्याकडं. "वैनी, रिंगा बसंनात. आत्ता तेल बदललं तर जमंल. आजून असंच फिरवलं तर मग न्हाई."

फौजी भडकले. "म्हंजे माजं तेल खराब? पोरानं सांगितलेलं तेल खराब?"

"तेल लय चांगलं हाय मामा," अंकिता म्हणली. "पर भरती झालेल्या पोराला पयल्या दिवशी गादीवर निजवत्यात व्हय? तुमीच सांगता की, सेंटरला आदी रगडा देत्यात. रगड्याशिवाय शिपाई तयार व्हत न्हाई म्हणून."

फौजींच्या मिशा हलल्या. मग त्यांनी बाह्या वर केल्या आन् दुखरा गुडघा धरून खाली बसले.

"आकाराम, पाना दे."

"आवं, मी काढतो की!"

"पाना दे म्हणलं ना!"

जीपखाली आडवं होऊन त्यांनी माजा खालचा बोल्ट सोतानं सोडला. मधागत तेल घमेल्यात पडाय लागलं. सांडलेल्या दुधाकडं बगावं तसं फौजी त्याच्याकडं बगत व्हते. मला बी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पर मी मोकळा झालो.

आकारामनं साधं तेल भरलं. "आता जागेवर ठेवायचं न्हाई. चढाला घ्या वैनी. दाबा, सोडा. दाबा, सोडा. लय जोरात बी नगो."

अंकिता चाकावर, फौजी बाजूला, आकाराम मागं धूर बगत. आमी चाफळचा चढ धरला. रिंगा घासाय लागल्या. खर्र, खर्र. दुखत व्हतं, पर ह्ये दुखणं बरोबरचं व्हतं. आता नुसती एकच भीती. उशीर तर झाला नसंल?

"हाय आजून!" आकाराम मागनं वरडला.

पुढचं वळण. "हाय आजून!"

माज्या डोळ्यापुढं वजनकाटा. रेडा म्हणवून घेतलं, आन् शेवट काट्यावर!

त्याच्या फुडच्या वळणाला आवाजच आला न्हाई. फौजींनी मान वळवली. "काय रं, पडलास का काय?"

"न्हाई वं... दिसंना."

"तू दिसंना का धूर दिसंना?"

"धूर, धूर! धूर दिसंना!"

अंकितानं जीप कडंला घेतली. फौजी लंगडत मागं गेले. खिशातनं पांढरा रुमाल काढला आन् सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. रुमालावर काजळी आली. कोरडी. तेलाचा ठिपका न्हाई. त्यांनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवली, आन् म्हणले, "चला, अंधार पडायच्या आत घरी."

आता शाळा सुरू झाली. रोज सकाळी मळ्यावरची पोरं माज्या मागं चिवचिव करत बसत्यात. टपावर कुणी न्हाई, मागं लोंबकळाय कुणी न्हाई. पर माजं भ्या गेलं न्हाई, मित्रांनो. आकारामनं बजावलंय, लगीच पळवायचं न्हाई, लय वजन घ्यायचं न्हाई. रिंगा बसाय लागल्यात, पर समद्या बसल्या न्हाईत. हायवेच्या कडंनं आमी हळू जातो. तवा मागनं मोठ्या गाड्या अंगावर येत्यात, हॉर्न मारत्यात, शिव्या देत्यात. अंकिताचा पाय पेडलवर जातो. दाबू का नगो? मी श्वास धरतो. ती दाबत न्हाई.

म्हणून तुमाला एकच सांगणं हाय. रस्त्यात तुमच्या फुडं एकादी जुनी जीप हळू चालली आसंल, तर तुमच्या बापाला, काकाला सांगा, हॉर्न मारू नगा. जरा मागंच ऱ्हावा. तिच्या आत कुणीतरी दुसऱ्यांदा चालाय शिकत आसतंय.