वरून आलेली ऑर्डर

रत्नप्रभा साळवे पहिल्या बाकावरून उठली. भाकर अजून मोडायची होती.

महिला मंडळाची अध्यक्ष प्रभुभोजन न घेताच बाहेर पडते आहे, हे पिपलानीच्या त्या छोट्या चर्चमध्ये सगळ्यांनी पाहिलं. आता महिनाभर कारखान्याच्या टाउनशिपमध्ये एकच विषय: साळवेबाईंच्या हातून असं काय घडलं?

तिच्या नवऱ्यानं, सुभाषनं, पदर ओढला. "अगं, बरं नाही का?"

"बरं व्हायलाच चाललेय."

थांबा. आधी एक शब्द.

चेष्टा. हिंदीत: प्रयत्न.
चेष्टा. मराठीत: टवाळी.

नऊ वर्षांपूर्वीचा नाताळ. नुकतीच लग्न होऊन नगरहून या हिंदी मुलखात आलेली रत्नप्रभा शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर हिंदीतून गीत गायली. हिंदी कच्चं, पण मन लावून गायली. शेजारच्या क्वार्टरमधल्या शकुंतला दुबे, शाळेत हिंदी शिकवणाऱ्या, कौतुकानं म्हणाल्या, "बहू ने बड़ी सुंदर चेष्टा की!"

तिच्या कानात मराठी शब्द शिरला. माझ्या प्रभूच्या जन्माची टवाळी? तिनं सगळ्यांदेखत दुबेबाईंना दार दाखवलं.

खरा अर्थ तिला सहा महिन्यांत कळला. पण तोवर मान ताठ झाली होती. मधलं मेंदीचं कुंपण तिनं कमरेचं डोक्याएवढं होऊ दिलं. बस स्टॉपवर दुबेबाई दिसल्या की ही पुढच्या स्टॉपपर्यंत उन्हातून चालत जायची. आता सांगा, कैदेत कोण होतं?

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाआधी पाळक सांगायचे, कुणाशी बिनसलं असेल तर आधी त्याच्याकडे जा, मग इथं या. प्रभूची आज्ञा आहे. तेव्हा रत्नप्रभा हळूच मंडळाच्या सेक्रेटरीकडे, प्रमिलाकडे बघायची. हे हिच्यासाठीच!

आज तसं बघता आलं नाही. सकाळी दुबेंच्या दारात ट्रक उभा होता. दुबेजी रिटायर झाले होते. दुपारी दोघं कायमचे सागरला, आपल्या गावी.

चर्चमधून ती दुबेंच्या क्वार्टरकडे चालली. नंतर जवळजवळ पळालीच.

"आज तो आपका चर्च रहता है," दुबेबाई हातातली गाठ न सोडता म्हणाल्या. आवाज कोरडा.

"वहीं से आई हूँ, दीदी. गलती मेरी थी."

आणि तिनं शब्द उलगडून सांगितला. सहा महिन्यांत कळलं होतं, तेही. तेवढं लपवता आलं असतं.

दुबेबाई खोक्यावर बसल्या. "नौ साल, बहू! हम सोचते रहे, हमसे आपके भगवान का अपमान हो गया."

"नहीं दीदी. मैंने किया. उनका कहा नहीं माना."

"तो आज कैसे?"

"ऊपर से ऑर्डर आया."

होल्डॉल बांधणारे दुबेजी वळले. "किसका? जी. एम. साहब का?"

"उनसे भी ऊपर."

"फिर तो मानना ही पड़ेगा!"

आधी दुबेबाई हसल्या, मग डोळे पुसत पुन्हा हसल्या. कारखान्याच्या वस्तीत ऑर्डर म्हणजे बदली, नाहीतर क्वार्टर खाली करा. माणसाला मोकळं करणारी ऑर्डर तिथं पहिल्यांदाच आली असावी. माफी मागताना मान खाली जाते, असं रत्नप्रभाला वाटत आलं होतं. मान खाली गेली नव्हती. हलकी झाली होती.

चर्च सुटलं. लोक त्याच रस्त्यानं परतले, आणि सगळ्यांनी पाहिलं: ठेवणीतल्या पांढऱ्या साडीचा पदर खोचून साळवेबाई दुबेंच्या लोखंडी कपाटाला खांदा लावून उभ्या.

"अहो साळवेबाई," प्रमिला ओरडली, "प्रभुभोजन सोडून हमाली?"

"प्रभुभोजन पुढच्या महिन्यातही आहे. ट्रक आत्ता निघतोय." रत्नप्रभानं घामेजलेला चेहरा वर केला. अशा ऐटीत तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं. "बघतेस काय? ते टोक धर!"