सिस्टरांचं प्रात्यक्षिक

"लिफ्ट कुणी दुरुस्त करून घेतली?" कॉलेजातून प्रात्यक्षिक बघायला आलेल्या मॅडमनी विचारलं.

"मी," सिस्टर म्हणाल्या, आणि जरा तोऱ्यातच म्हणाल्या.

इमारतीतल्या बायकांच्या सभेसाठी मांडलेल्या खुर्च्या मात्र रिकाम्या होत्या. सिस्टरांचं उभं आयुष्य वॉर्डात गेलेलं. पेशंटने मागायच्या आत पाण्याचा पेला पुढे. पन्नाशीच्या तोंडावर, नोकरी सांभाळून, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घ्यायचं खूळ डोक्यात शिरलं. हॉस्पिटलातले पेशंट पुरेनात का, असं नवरा चिडवायचा. प्रात्यक्षिकासाठी ही इमारत मिळाली. बंद लिफ्टसाठी इथल्या बायकांनी एकत्र येऊन देखभालीचं ऑफिस गाठायचं, सिस्टरांनी नुसतं पाठीशी राहायचं, असा बेत होता. पण वरच्या मजल्यावरच्या आजींना लागलेली धाप त्यांना बघवेना. त्या ऑफिसातल्या साहेबाच्या आईची शुश्रूषा त्यांनीच केली होती. एक फोन केला, लिफ्ट सुरू. मग सभेला कोण कशाला येतंय?

मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्या रागावल्या नाहीत, तेच सिस्टरांना जास्त लागलं. "उद्या तुम्ही नसाल, तेव्हा या बायकांनी कुणाकडे बघायचं?" एवढंच त्या म्हणाल्या. पुन्हा असं झालं तर पदवी विसरायची, हेही सांगून टाकलं.

काही दिवसांनी लिफ्ट परत बंद पडली. बायकांनी सिस्टरांना गराडा घातला. फोन लावा, हा एकच धोशा. आजी जिन्यात टेकून त्यांच्याच तोंडाकडे बघत होत्या. सिस्टरांच्या जिवाची नुसती तगमग झाली.

"या वेळी मी नाही लावणार," त्या म्हणाल्या. "काय करायचं ते तुम्ही ठरवा."

शिकली की माणसं अशीच होतात, असं कुणीतरी पुटपुटलं. मग एरवी मशीनवरून मान वर न करणारी शिवणकामवाली म्हणाली, "सोमवारी सगळ्याच जाऊ. आजींनाही नेऊ." कुणी बोलायचं यावरून बरंच वाजलं. दोन-तीनदा शब्द अगदी ओठांवर आले, पण सिस्टर गप्प बसून राहिल्या.

सोमवारी त्या रजा टाकून आल्या, तर इमारतीत शुकशुकाट.

"सगळ्या मघाशीच गेल्या की," वॉचमन म्हणाला. "आजींना खुर्चीसकट उचलून नेलं. तुम्हाला नाही सांगितलं?"

कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपण पास झालो, हे सिस्टरांना तिथेच कळलं. आनंद झाला, नाही असं नाही. पण थोडा वेळ त्या बंद लिफ्टपाशी उभ्या राहिल्या, आणि मग, करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून, सावकाश घरी गेल्या.