कामिनीचा नमस्कार

मेहरूण भागातल्या क्लासमध्ये ब्राझिलियन जिउ-जित्सू ही कुस्तीसारखी झुंज शिकताना कामिनीची जोडीदार होती जिनल. लग्न होऊन जिनल धुळ्याला गेली आणि तिचा खेळ सुटला. कामिनी मग मुलांशी झुंजू लागली. अंगात ताकद आली, पण मन काही लागेना. धुळ्यात स्पर्धा आहे म्हटल्यावर तिने आधी जिनललाच फोन केला.

"बघते गं," एवढंच जिनल म्हणाली.

लढतीआधी कामिनीने हॉलभर शोधलं. जिनल दिसली नाही.

कीर्तन संपलं की लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, त्यातच कामिनी वाढलेली. पंचांनी इशारा केला आणि ती सवयीने समोरच्या मुलीच्या पाया पडायला वाकली. त्या मुलीला वाटलं, ही पाय ओढतेय! तिने कामिनीला तिथंच दाबून धरलं. हॉलमध्ये हशा पिकला.

"अगं माउली, आधी सुटून घे! पाया मग पड!"

तो आवाज जिनलचा. कामिनी खालूनच हसली, आणि हरली.

बाहेर जिनल भेटली. "काय गं भगतीणबाई, हरलीस ना?"

"बठ्ठे हसले माझ्यावर, सगळा हॉल. पण तू आलीस. आता खेळायलाही ये ना."

"नुसतं बघून येते, असं घरी सांगून आलेय."

बोलता बोलता जिनलने कामिनीच्या जाकिटाची कॉलर धरली, पूर्वीसारखी घट्ट. कामिनीने पाय रोवले आणि वाट पाहिली. जिनलच्या बांगड्या वाजल्या. तिने कॉलर हळूच सारखी केली.

"तुझी बस कितीची आहे?" तिने विचारलं.