आईचं पोटाचं दुखणं

शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवलेली माझी ताई कुणापुढे कधी अडखळली नव्हती. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी शौचाचा नमुना डबीत आणायचा म्हटल्यावर तिची दातखीळच बसली. मग बोलायला मी. मी तिचा धाकटा भाऊ, धंद्याने शिंपी, वय त्र्याहत्तर.

"पंचाहत्तरीनंतर आम्ही ही तपासणी सरसकट सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सत्त्याहत्तराव्या वर्षी यांची तब्येत ठणठणीत आहे आणि आधी कधी केलेली नाही. घरात कुणाला हा आजार होता?"

"नाही," मी म्हणालो. ताई खाली बघत राहिली.

नमुन्यात रक्ताचा अंश निघाला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. आता दुर्बिणीने आतडं आतून बघायचं होतं. आदल्या दिवशी पोट साफ करणारं औषध घ्यायचं, मोठं भांडंभर पाण्यात कालवून, घोट घोट. सोबतीला मी तिच्याकडे राहायला गेलो.

दुपारभर तिच्या फेऱ्या चालल्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये ती खिडकीजवळच्या खुर्चीत टेकायची आणि आम्ही जुनं काहीबाही काढायचो. आई धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. घरी आली की तिच्या अंगाला खळीचा आणि वाफेचा वास यायचा. एखादं सफरचंद मिळालं तर ती त्याचे दोन भाग करून आम्हाला द्यायची आणि मधला गाभा आपण चघळत बसायची, जणू तोच गोड असतो. पुढे बरीच वर्षं मीही गाभाच आधी खायचो.

"आठवतं," मी म्हणालो, "मी नुकता दुकानात शिकायला लागलो होतो, तेव्हा आईने एकाच वर्षात तिचा एकच झगा तीनदा आत घेऊन घट्ट करायला लावला? मला वाटायचं, माझा हात बसावा म्हणून देते."

ताईने पेला खाली ठेवला.

"तुला कळलं नाही ते बरंच झालं," ती म्हणाली. "मला कळलं होतं. एका पहाटे ती मोरीत कपडे धूत होती. पाणी लाल झालेलं. म्हणाली, कुणाला सांगशील तर माझी शपथ आहे. तेव्हा मी एकोणीस वर्षांची. पोटाचं दुखणं म्हणायचं ठरलं, आणि मी तेच म्हणत राहिले. शेवटी डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, तोही मलाच."

अठ्ठावन्न वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. मला राग यायला हवा होता, पण समोर माझी म्हातारी बहीण औषधाच्या चवीने तोंड वाकडं करून बसली होती.

"उद्या डॉक्टरांना सांगू," मी म्हणालो.

"मी सांगेन," ती म्हणाली, आणि घाईने उठली.

सकाळी दवाखान्यात तिने खरंच सांगितलं, वर्गात उत्तर द्यावं तसं स्पष्ट. मग तिला गुंगीचं इंजेक्शन देऊन आत नेलं. पाऊण तासाने डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली. आतड्यात दोन गाठी होत्या, बोराएवढ्या. दोन्ही त्याच वेळी काढल्या होत्या.

ताई डोळे किलकिले करून पडद्याकडे बघत म्हणाली, "हा प्रदेश माझ्या पुस्तकात नव्हता." सगळे हसले.

आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण एक गाठ अशी होती, की राहिली असती तर काही वर्षांनी कॅन्सर होऊ शकला असता. आता या वयात पुन्हा तपासणीची गरज नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला विचारलं, "तुमचं काय?" मी माझा नमुना देऊन आलो. तो निर्दोष निघाला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं पोटभर जेवलो, मग मी मुलीला फोन लावला. तिची आजी कशाने गेली, ते पहिल्यांदा तिला सांगितलं. तिने विचारलं,

"आजीचं वय किती होतं तेव्हा?"

मला नीट आठवेना. मी ताईकडे बघितलं.

"एक्कावन्न," ती म्हणाली.

माझ्या मुलीला सेहेचाळिसावं लागलंय. "उद्याच डॉक्टरांकडे जाते," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, आजी कशी होती, ते सांगा ना."

ताईने खुर्ची फोनजवळ ओढली.